वजन एकीचं, स्वयंपाकघर पाचजणांचं : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

वसुधाताई २०२४ च्या दसऱ्यानंतर माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी आल्या, त्या नवरात्राची तक्रार घेऊन. नऊ दिवस उपवास केले आणि वजन सव्वा किलोने वाढलं. "मॅडम, लोकांचं खाऊन वाढतं, माझं न खाता वाढतं," असं त्यांचं म्हणणं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय ४९, नाशिकमध्ये एका सहकारी बँकेत कॅशियर. घरात नवरा, ७६ वर्षांच्या सासूबाई, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आणि बारावीतली मुलगी. उंची १५५ सें.मी., वजन ७४ किलो, कंबर ९६ सें.मी., बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३०.८. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात; बायकांची कंबर ८० सें.मी.च्या आत असावी असं मानतात. म्हणजे दोन्ही आकडे रेषेच्या बरेच पलीकडे होते.

उपाय करून झालेच नव्हते असं नाही. गरम पाणी-लिंबू-मध झालं. दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवण उरकायची पद्धत झाली. त्या पद्धतीने दोन महिन्यांत चार किलो उतरले, पण काउंटरवर दुपारची जेवणाची वेळ कधी एक तर कधी अडीच, त्यामुळे ती मोडली आणि चाराचे पाच होऊन परत आले. ओळखीतल्या एकीने दिलेले डब्यातले शेक झाले. कीटो, म्हणजे पोळी-भात बंद आणि भर स्निग्ध पदार्थांवर, तीन आठवडे चाललं. शाकाहारी घरात एकटीने पनीर आणि बटर खात बसायचं आणि बाकीच्या चौघांना पोळ्या लाटून द्यायच्या, याला तीन आठवडेही मी बरेच म्हणेन. जिममध्ये गुडघा दुखावला.

त्यांनी मनाशी धरलेला आकडा होता ६०. मुलीच्या वेळी दिवस गेले त्याच्या आधीचं वजन. हे ६० पुढे वर्षभर आमच्या बोलण्यात येत राहिलं.

आधी काय तपासलं, आणि का

पहिला निर्णय हा की आहाराचा तक्ता त्या दिवशी द्यायचा नाही. कारण फाइलमधला एक जुना रिपोर्ट: हिमोग्लोबिन ९.६, म्हणजे बरंच कमी. विचारल्यावर कळलं की गेलं दीड वर्ष पाळी कधी २० दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी येते आणि आली की चार-पाच दिवस अंगावरून खूप जातं. "आता जायचीच आहे ना पाळी, म्हणून मनावर घेतलं नाही." या वयातल्या किती बायका हे वाक्य बोलतात याची गणती नाही. पाळी जाण्याच्या वयात ती अनियमित होते हे खरं, पण रक्त इतकं जाणं हे त्या नावाखाली अंगावर काढायचं नसतं.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड (कर्करोगाची नसलेली गाठ) निघाला. औषधांनी रक्तस्राव आटोक्यात आला, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. फेरिटिन ८ होतं, म्हणजे लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. व्हिटॅमिन बी१२ कमी. टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीचा आकडा) ५.६, म्हणजे थोडं वर; फिजिशियनने गोळी न देता तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरवलं. थायरॉइड थोडं वर असलं की सगळं वजन त्याच्या माथी मारायची सवय आपल्याकडे फार आहे. इतक्या किरकोळ वाढीने चौदा किलो चढत नाहीत.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आलं होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. पण लोहाच्या कमतरतेत हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, म्हणून उपाशीपोटीची साखरही पाहिली. ती १०८ होती. उंबरठा खराच होता, फक्त किती चढलोय ते हिमोग्लोबिन सुधारल्यावर पुन्हा बघायचं ठरलं.

पहिले सात-आठ आठवडे खाणं कमी करायचं नाही, असं मी सांगितलं तेव्हा वसुधाताई नाराज झाल्या. दिवाळी तोंडावर होती आणि त्यांना वाटलं मी टाळतेय. पण ९.६ हिमोग्लोबिनवर जिना चढून धाप लागणाऱ्या बाईला कमी खा आणि जास्त चाला सांगणं म्हणजे सहावा प्रयोगही पाचांच्याच रांगेत बसवणं.

अडचण नेमकी काय होती

त्या काळात एकच काम दिलं: तीन दिवस तोंडात जाईल ते लिहायचं. एक बँकेचा दिवस, एक रविवार, एक चतुर्थी.

बँकेच्या दिवसाचं पान असं होतं. सकाळी चहा आणि दोन खारी, उभ्याने. डब्यात तीन पोळ्या आणि भाजी. वरण-भात नाही, कारण डब्यातून सांडतं. बँकेत चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. संध्याकाळी साडेसहाला घरी, पर्स खुंटीला लावून थेट ओट्याशी. कुकर लावता लावता शेवेच्या बरणीत हात, चिवड्याची मूठ, कणीक मळताना गुळाचा खडा. रात्री नऊला सगळ्यांबरोबर जेवण. आणि मग पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, "उरलेला भात आणि अर्धी वाटी भाजी संपवली."

हे शेवटचं वाक्य तिन्ही दिवशी होतं.

चतुर्थीच्या पानावर साबुदाण्याच्या खिचडीची एक ताटली होती. भिजवण्याआधीचा ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट, मोठा चमचाभर तूप आणि बटाटा धरला तर सहाशेच्या आसपास कॅलरी होतात. त्यात प्रथिनं जी काही आहेत ती बहुतेक शेंगदाण्यांची. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. नवरात्रातल्या सव्वा किलोचा अर्धा खुलासा इथेच झाला. बाकीचा अर्धा पाण्याचा असणार, कारण वेफर्समधल्या मिठाने आणि मागेपुढे होणाऱ्या पाळीने किलो-दीड किलो दोन दिवसांतही हलतो.

दिवसाची प्रथिनं चाळीस ग्रॅमच्या आतबाहेर निघाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तरी त्यांना साठ लागतात.

चाळिशी ओलांडली की मेटाबॉलिझम मंदावतं, असं त्या सांगत होत्या आणि सगळेच सांगतात. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून जास्त माणसांच्या ऊर्जावापराचा अभ्यास आला. शरीराचं आकारमान आणि त्यातला चरबीखेरीजचा भाग हिशेबात घेतला तर विशीपासून साठीपर्यंत हा वापर जवळपास स्थिर राहतो, असं त्यात दिसलं. म्हणजे मशीन मंद होत नाही. बदलतं ते बाकीचं. स्नायू वापरात नसले की कमी होतात. इस्ट्रोजेन उतरतं तशी चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. रात्री अंग तापून तीन वाजता जाग येते, आणि अपुऱ्या झोपेनंतरच्या दिवशी भूक वाढते हा अनुभव कोणाला नाही? वसुधाताईंना चारही गोष्टी लागू होत्या.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला: तेलाचा डबा किती दिवस जातो? १५ लिटरचा डबा, दोन महिने. पाच माणसं, साठ दिवस, म्हणजे माणशी रोज ५० मिली. वजनात साधारण ४५ ग्रॅम, कॅलरीत चारशेच्या वर. डायरीत हे कुठेच दिसत नाही, कारण तेल कोणी ‘खात’ नाही. ते फोडणीत असतं, पोळीला लावलेलं असतं, रविवारच्या मिसळीच्या तर्रीत असतं.

समोरचे पर्याय

दोन वेळच्या जेवणाची पद्धत परत लावता आली असती. तिने वजन उतरतं हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पण बँकेची वेळ तीच होती, आणि संध्याकाळी साडेसहाची भूक त्या पद्धतीत जास्तच खवळायची.

बाराशे कॅलरींचा वेगळा तक्ता हा दुसरा मार्ग. ओट्स, सूप, सॅलड. वसुधाताईंना हाच हवा होता, कारण डाएट म्हणजे असं काहीतरी असतं. माझा याला विरोध होता. याआधीच्या प्रत्येक प्रयोगात एक गोष्ट समान होती: त्यांचं ताट वेगळं आणि स्वयंपाक सगळ्यांचा. दोन स्वयंपाक करणारी बाई थकली की कोणता बंद करते हे सांगायला नको.

तिसरा मार्ग घरचाच स्वयंपाक बदलण्याचा. तो सावकाश जाणारा आणि त्याला पाचजणांची, खरं तर एकाच व्यक्तीची, संमती लागणार होती. सकाळचा स्वयंपाक सासूबाई करत.

किती उतरवायचं यावरही बोलणं झालं. अमेरिकेतल्या २००२ च्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रयोगात वजनात फारसा फरक न पडताही आहार-व्यायामाने धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. वसुधाताईंचे सात टक्के म्हणजे पाच किलोंच्या जरा वर. "एवढंच?" त्या म्हणाल्या. हो, आधी एवढंच.

काय केलं

डिसेंबरमध्ये हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं आणि सुरुवात झाली. पुढच्या भेटीला सासूबाईंना सोबत आणायला सांगितलं. त्या आल्या त्या ठरवूनच. "अंडं माझ्या ओट्यावर चढणार नाही. बाकी काय ते सांगा."

इथे दोन वाटा होत्या. रोज दोन अंडी हा प्रथिनांचा सर्वांत सोपा आणि स्वस्त उपाय, आणि वसुधाताई बाहेर अंडी खात. त्यासाठी वेगळं पातेलं, वेगळा बर्नर, रोजची धुसफुस चालली असती. मी अंडं सोडून दिलं. त्याऐवजी आजींना विचारलं, मटकीला मोड तुमच्याइतके चांगले कोणाचे येतात का घरात? खुशामत होती, कबूल. पण प्रश्न खराही होता. त्या दिवसापासून मटकी, मूग, हुलगे भिजवणं, फडक्यात बांधणं आणि मोड बघणं हे खातं आजींकडे गेलं. डब्यात बटाट्याच्या काचऱ्यांच्या जागी घट्ट उसळ आली. रात्री वरण पातळ न करता दाट, प्रत्येकाला मोठी वाटी. दही विरजताना दूध वाढलं. आठवड्यातून दोनदा पनीर किंवा सोयाबीनच्या वड्यांची भाजी. साठ ग्रॅमचा आकडा रोज गाठला गेला असं नाही, पण पन्नाशीच्या खाली क्वचितच गेला.

तेलाचं गणित आजींनाच जास्त पटलं, कारण डब्याचा हिशेब त्यांच्याकडे. आधी पळीने ओतत. आता सकाळी एका वाटीत दिवसाचं तेल मोजून काढायचं आणि त्यात दोन्ही वेळा भागवायच्या. चवीवरून पहिले पंधरा दिवस मुलगा कुरकुरला. पुढचा डबा तीन महिने गेला. म्हणजे माणशी रोज ५० ऐवजी ३३ मिली, सव्वाशे-दीडशे कॅलरी कमी, आणि त्यासाठी कोणी उपाशी राहिलं नाही.

उपवास सोडायला मी सांगितलं नाही आणि त्यांनी सोडलाही नसता. खिचडी निम्मी, बाकी ताटात दही, काकडीची कोशिंबीर आणि राजगिरा. काही चतुर्थ्यांना भगर आणि दाण्याची आमटी.

साडेसहाच्या बरणीवरचा उपाय बरणी लपवणं हा नव्हता. पाच वाजता बँकेतच मूठभर फुटाणे आणि ताक. घरी पोचताना भूक अर्धी झालेली असली की शेव फक्त शेव राहते. चहा चारचे दोन झाले, साखर एक चमचा. उरलेलं अन्न संपवण्याबद्दल मात्र घरात बैठकच झाली. ‘वाया जाऊ नये’ याची जबाबदारी एकटीच्या पोटावर का, हा प्रश्न मुलीने विचारला आणि भात अर्धं भांडं कमी लागू लागला.

जेवणानंतर नवऱ्याबरोबर अर्धा तास चालणं सुरू झालं. शेवटचा चहा चारच्या आत, मोबाईल झोपण्याच्या खोलीबाहेर. झोप पूर्ण सुधारली नाही, पण तीनला जाग आल्यावर पुन्हा डोळा लागू लागला.

अडकलेले तीन महिने

फेब्रुवारीअखेर वजन ७०.८. मेअखेर ७०.५. मधल्या काळात काटा दोनशे ग्रॅम इकडे, तीनशे ग्रॅम तिकडे. वसुधाताई दिवसातून तीनदा वजन करू लागल्या होत्या, हे नंतर कळलं.

याच सुमारास बँकेतल्या एका सहकाऱ्याने वजन उतरवणारं आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलं, आणि जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय उरला नाही. "मॅडम, तो दोन महिन्यांत सहा किलो उतरला. मी मटकी खातेय."

मी या औषधांच्या विरोधात नाही. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं; आहार-सल्ल्याने एवढं क्वचितच होतं. त्याच चाचणीच्या पुढच्या पाठपुराव्यात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोनतृतीयांश वजन परत आलं. शिवाय भूक कमी झाली की प्रथिनंही कमी पोटात जातात आणि उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा असतो. फिजिशियनने सांगितलं की त्यांच्या बीएमआयला आणि साखरेला औषध बसतं, हवं तर सुरू करू. म्हणजे हा निर्णय खरोखर त्यांचा होता. मी नको म्हणून बंद होणारा दरवाजा नव्हता.

खाणं आणखी कमी करणं हाही एक मार्ग होता. तो मी बाजूला ठेवला: प्रथिनं नुकती कुठे रुळली होती.

टेप काढली तेव्हा चित्र वेगळं दिसलं. काटा अडकलेल्या तीन महिन्यांत कंबर ९१ वरून ८९ झाली होती. हिमोग्लोबिन १२.४, आणि आता विश्वास ठेवण्याजोगं एचबीए१सी ५.८. टीएसएच कोणत्याही गोळीशिवाय ४.१. आणि हो, मे महिना होता. घरात हापूसच्या दोन पेट्या येऊन गेल्या होत्या. आमरस वाटीने मोजायचा असतो हे मी म्हटलं, त्यावर आजींनी माझ्याकडे पाहिलं ते पाहिलं.

ठरलं ते असं: इंजेक्शन ऑक्टोबरपर्यंत पुढे, वजन फक्त रविवारी सकाळी, आणि ताकदीचा व्यायाम. फिजिओथेरपिस्टने गुडघा बघून खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर जोर, रबरी पट्टा आणि दोन किलोचे डंबेल्स यांवर सुरुवात करून दिली, आठवड्यातून तीन दिवस, पंचवीस मिनिटं. सुरुवातीला ३० सेकंदांत खुर्चीवरून नऊ वेळा उठता येत होतं. ऑक्टोबरात पंधरा.

निष्पत्ती

डिसेंबर २०२५ मध्ये, पहिल्या भेटीनंतर चौदा महिन्यांनी, वजन ६७.२. उतरले ६.८ किलो, नऊ टक्क्यांच्या जरा वर. कंबर ८७. एचबीए१सी ५.६. रक्तदाब १३४/८६ वरून १२४/८०. बीएमआय २८, म्हणजे भारतीय निकषाने अजूनही लठ्ठच. २०२५ च्या दिवाळीत वजन अर्धा किलो वाढलं आणि नोव्हेंबरअखेर आपोआप उतरलं.

नवऱ्याचे तीन किलो गेले. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. मुलाचं वजन जिथल्या तिथे राहिलं. बाहेरचा वडापाव तेलाच्या वाटीत मोजला जात नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ताकदीचा व्यायाम जूनऐवजी जानेवारीत सुरू व्हायला हवा होता. गुडघ्याच्या भीतीने चालण्यावरच भर राहिला, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बाईला चालण्यापेक्षा वजन उचलण्याची गरज बहुधा जास्त असते. फिजिओथेरपिस्टची एक भेट डिसेंबरातच झाली असती तर ते तीन महिने कदाचित इतके लांबले नसते.

कंबरेची नोंद दर महिन्याला आणि वजनाच्या शेजारीच व्हायला हवी. ती अधूनमधून होत राहिली, त्यामुळे फेब्रुवारी ते मे हाती फक्त काटा होता आणि काट्याने त्यांचा धीर खचवला.

सासूबाईंना आणलं ते बरं झालं, पण नवरा पहिल्या भेटीपासून हवा होता. शेव-फरसाण तेच आणत. मार्चपर्यंत हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण किराण्याच्या यादीत ते कधी नसायचंच. कोपऱ्यावरच्या दुकानातून परस्पर यायचं.

पाळीच्या तक्रारीला दीड वर्ष थांबणं हे माझ्या हातातलं नव्हतं. पण वजनासाठी आलेल्या पंचेचाळीस-पन्नाशीच्या प्रत्येक बाईला पाळीचं आणि झोपेचं विचारल्याशिवाय आहार लिहून देणारे आहेत, आणि वसुधाताई त्यांतल्या तिघांकडे आधी जाऊन आल्या होत्या.

अंड्याबाबत अजून माझं मत पक्कं नाही. घरात शांतता राहिली, प्रथिनं मात्र काठावरच राहिली.

इंजेक्शनचा विषय ऑक्टोबरात ठरल्याप्रमाणे पुन्हा निघाला. वसुधाताई म्हणाल्या, जूनपर्यंत बघू. पाळी पूर्ण जाईतो फायब्रॉइडचं काय होतंय तेही कळेल. कंबर ८५ च्या खाली आली नाही किंवा साखर परत चढली, तर फिजिशियनकडे जायचं, हे आम्ही मिळून लिहून ठेवलं आहे. ६० चा आकडा त्यांनी सोडलेला नाही. मी तो वहीत लिहिलेला नाही.